पहिली पेटी लहान असावी

नव्याने डीजे होऊ पाहणाऱ्याला टर्नटेबल कोणते घ्यावे, मिक्सर कोणता, हेडफोन कोणता, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. रेकॉर्ड कोणत्या घ्याव्यात या प्रश्नावर मात्र बहुतेकांचे उत्तर एकच असते: आवडतील त्या घे. उत्तर दिलदार आहे, पण कामाचे नाही. आवडत्या रेकॉर्ड ऐकण्यासाठी असतात. हात आणि कान तयार करायला लागणाऱ्या रेकॉर्डचे गुण वेगळे असतात. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या सीमाभागात तर ‘आवडतील त्या’ म्हटले की पेटी दोन बाजूंनी भरू लागते. एकीकडे घरातल्या माळ्यावरच्या जुन्या तबकड्या: नाट्यपदे, अब्दुल करीम खाँसाहेब, हिराबाई बडोदेकर, अधूनमधून एखादे कन्नड भक्तिगीत. दुसरीकडे न्यूयॉर्क-लंडनच्या डीजेंनी गाजवलेल्या, बाहेरून मागवायच्या महागड्या रेकॉर्ड. दोन्ही ढीग मोहात पाडणारे आहेत, आणि सुरुवात दोन्हींपैकी कशानेही करू नये असे माझे म्हणणे आहे. पहिली पेटी दहा-बारा रेकॉर्डची असावी, आणि तिच्यातली प्रत्येक बाजू तोंडपाठ होईल अशा बेताने निवडलेली असावी. दुर्मीळपणा, किंमत, नावाजलेपण हे निकष पुढच्या पेट्यांसाठी ठेवावेत.

हे म्हणणे पटायचे तर तबकडीवर डीजे नेमके काय करतो ते आधी पाहावे लागेल. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. एका टर्नटेबलवरचे गाणे श्रोत्यांना ऐकू येत असते, दुसऱ्यावरचे फक्त डीजेच्या हेडफोनमध्ये. दुसऱ्याची लय पहिल्याशी जुळवायची, त्याची सम पहिल्याच्या समेवर आणायची आणि मग आवाजाची पट्टी हळूहळू सरकवत एकातून दुसऱ्यात जायचे, इतके हे काम. सांगायला सोपे आहे. पण एका गाण्यात मिनिटाला १२० ठोके असतील आणि दुसऱ्यात १२१, तर अर्ध्या मिनिटात दोघांत अर्ध्या ठोक्याचे अंतर पडते, आणि एकाचा ठोका बरोबर दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडू लागतो. नाचणाऱ्यांना कारण सांगता येत नाही, पण त्यांचे पाय अडखळतात. लय कमी-जास्त करण्यासाठी टर्नटेबलवर पिचची सरकपट्टी असते. ज्या यंत्राने जगभरच्या डीजेंना ही सवय लावली त्या टेक्निक्स कंपनीच्या एसएल-१२०० च्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली आलेल्या यंत्रात, वेग आठ टक्के वर किंवा आठ टक्के खाली नेता येतो. १२० चे गाणे त्यामुळे साधारण ११० ते १३० च्या दरम्यान कुठेही बसवता येते, त्यापलीकडे नाही. शिवाय तबकडीचा वेग वाढला की सूरही चढतो. सहा टक्क्यांच्या आसपास गेलात की काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये गेलेले असते. हार्मोनियमवर गाणाऱ्याच्या हे पटकन लक्षात येईल: लय जुळवताना सूर बिघडू शकतो, आणि सूर सांभाळायचा तर मुळात जवळच्या लयीची गाणी पेटीत हवीत. पहिल्या दहा रेकॉर्डची लय एकमेकींपासून फार दूर असू नये, हा निवडीचा पहिला नियम इथेच निघतो. कोणी ७० चे गाणे घेतो, कोणी १४० चे, आणि मग ‘जुळत नाही’ म्हणून वैतागतो. तिथे हाताचा काही दोष नसतो.

दुसरा नियम विचित्र वाटेल: पहिल्या पेटीत एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती असाव्यात. डीजेच्या कलेचा एक मोठा टप्पा दोन प्रतींवरच उभा राहिला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका इमारतीत बहिणीने ठेवलेल्या समारंभात कूल हर्क हा जमैकाहून आलेला तरुण रेकॉर्ड वाजवत होता. गाण्यातला ज्या जागी सगळी वाद्ये थांबून फक्त ढोल-ड्रम उरतात तो तुकडा लोकांना नाचायला सर्वांत आवडतो, हे त्याने हेरले होते. तो तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. मग त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू करण्याची युक्ती त्याने रुळवली. हिपहॉपचा इतिहास सांगणारे तिथून सुरुवात करतात. नवशिक्याला ही युक्ती लगेच साधणार नाही, पण दोन सारख्या प्रतींचा त्याला याहून साधा फायदा आहे. दोन्ही सरकपट्ट्या शून्यावर असतील तर लय आपोआप सारखी असते. मग कोणाकडून तरी एकीची पट्टी डोळ्यांआड थोडी हलवून घ्यायची आणि कानाने ती पुन्हा जागेवर आणायची. उत्तर आधीपासून ठाऊक असलेले गणित सोडवण्यासारखा हा सराव आहे: कुठे चुकले ते लगेच कळते. दोन वेगळ्या गाण्यांवर हा सराव केला तर लय चुकली, सम चुकली की दोन गाण्यांची प्रकृतीच जमत नाही, हे नवशिक्याला उमगत नाही. इथे आक्षेप येतो तो पैशांचा. एका रेकॉर्डच्या पैशांत दुसरी नवी आली असती, तीच परत कशाला? वाजवी आक्षेप आहे, म्हणून ही जोडी स्वस्तातली घ्यावी. जिच्या असंख्य प्रती निघाल्या अशी गाजलेली हिंदी चित्रपटाची एलपी जुन्या बाजारात तुलनेने सहज सापडते. ती रोज पुढे-मागे ओढली जाणार आहे, तिच्या सुरुवातीच्या खाचा झिजून खरखरू लागणार आहेत. दुर्मीळ प्रतीवर हा सराव करणे म्हणजे उधळपट्टी. स्वस्त जोडीवर केला तर तेवढा खर्च शिकवणीच्या फीपेक्षा जास्त होत नाही.

तोंडपाठ असण्याचा आग्रह कशासाठी, याला आपल्याच भागात एक ठळक पुरावा आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ जन्मला. पुढे तो कुमार गंधर्व झाला. कोणाकडे रीतसर तालीम सुरू होण्याआधीच या मुलाने मोठ्या गवयांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा उचलल्या, आणि तो त्या बैठकीत गाऊन दाखवत असे. लोक थक्क होत ते आवाजाने तर खरेच, पण त्याहून जास्त हरकत, दम, ठेहराव सगळा तबकडीतला तसाच्या तसा येत असल्याने. मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्याचे शिक्षण झाले. दहा इंची ७८ ची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची. म्हणजे त्या मुलाच्या हाताशी रागाचा विस्तार नव्हता. एका रागाचा तीन मिनिटांत आवळलेला अर्क होता, आणि तो पुन्हा पुन्हा ऐकून तो त्यात शिरला. संख्या कमी, आवर्तने जास्त. शेकडो तबकड्या एकेकदा ऐकणाऱ्या मुलाला हे जमले नसते, असे मला वाटते. भीमसेन जोशींची कथाही या भागात सर्वांना माहीत आहे: गदगच्या त्या मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले. एकच तबकडी पुरेशी झाली होती.

यावर कोणी म्हणेल की गवयाची गोष्ट डीजेला लावू नये. गवई तबकडी ऐकून स्वतः गातो, डीजे तर तबकडीच वाजवतो. शिवाय कुमारांनी नकलेचा तो टप्पा केव्हाच मागे टाकला आणि आपली गायकी घडवली, मग पाठांतराचे कौतुक कशाला? दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर सोपे आहे: जी गोष्ट मागे टाकायची ती आधी हातात असावी लागते. पहिला मुद्दा वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूने वळतो. डीजेला गाणे गायचे नसते, म्हणून ते आपल्याला पाठ नाही हे त्याला कळतच नाही. गवई एका जागी अडखळला की सगळ्यांना समजते. डीजेचे अज्ञान मात्र झाकून राहते ते पुढचे गाणे आत आणायच्या क्षणापर्यंत. दुसऱ्या अंतऱ्यानंतर सतारीचा तुकडा किती आवर्तनांचा आहे, त्यानंतर मुखडा लगेच येतो की आधी चार मात्रांची फिरत आहे, शेवटी गाणे ठाम संपते की हळूहळू विरत जाते, हे ठाऊक नसलेला माणूस सरकपट्टी कितीही अचूक लावो, दोन गायक एकमेकांच्या अंगावर बोलू लागतात. ऐकायला त्याहून वाईट काही नाही.

आता प्रत्यक्ष निवड. इथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या बहुतेक आवडत्या गाण्यांची लय स्थिर नसते. १९५० ते १९७० च्या दशकांतले मराठी, हिंदी, कन्नड चित्रपटसंगीत स्टुडिओत बसलेल्या वादकांनी एका दमात वाजवलेले आहे. ढोलकीवाला अंतऱ्याला किंचित पुढे सरकतो, मुखड्याला मागे येतो. लावणीत तर शेवटाकडे लय चढवणे हाच रंग असतो. ऐकणाऱ्याला ते जिवंत वाटते, आणि ते तसे आहेच. पण ज्याचा कान अजून तयार नाही त्याला त्यामुळे कळत नाही की चुकले कोण, आपण की ढोलकी. दुसरी अडचण तालाची. आठ मात्रांच्या केरव्यातली आणि सहा मात्रांच्या दादऱ्यातली गाणी शेजारी ठेवली तर त्यांची सम चोवीस मात्रांनी एकदा जुळते. मधल्या काळात नुसती ओढाताण. तबल्यावर बसलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही. भजनी मंडळात टाळ धरलेल्या, लेझीम खेळलेल्या मुलालाही नाही. बेळगावच्या गल्ल्यांत आणि निपाणीच्या आसपासच्या खेड्यांत अशी पोरे भरपूर आहेत, आणि डीजेच्या धंद्यात ती इतरांपेक्षा दोन पावले पुढून सुरुवात करतात, हे त्यांनाच कोणी सांगितलेले नसते. रेकॉर्ड घेण्याआधी गाण्याचा ठेका मांडीवर धरून पाहावा; दादरा असेल तर ती रेकॉर्ड, कितीही लाडकी असो, पहिल्या पेटीबाहेर ठेवावी.

मग आत काय ठेवायचे? यंत्राच्या किंवा यंत्रासारख्या पक्क्या ठेक्यावर बांधलेले संगीत. त्यासाठी अमेरिकेकडेच पाहावे लागते असे मुळीच नाही. १९८० च्या ‘कुर्बानी’पासून १९८१ चा नाझिया आणि झोहेब हसन यांचा ‘डिस्को दीवाने’, १९८२ चा ‘डिस्को डान्सर’ असा हिंदी डिस्कोचा एक छोटा, दणकट काळ आहे. त्यातल्या गाण्यांची लय एकमेकींच्या जवळपास, ठेका ठळक, आणि बेळगावच्या कोणत्याही हॉलमध्ये पन्नाशीतली माणसेही ओळखतील अशी. यांच्या जोडीला एक वेगळी रेकॉर्ड सुचवावीशी वाटते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवले. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. साधने रोलँड कंपनीची: टीआर-८०८ हे ठेक्याचे यंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचे, आणि ज्युपिटर-८. तेव्हा कोणी तिच्याकडे फारसे पाहिले नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली, आणि शिकागोत पुढे काही वर्षांनी ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून गाजलेल्या संगीताशी तिचे साम्य पाहून युरोपातले डीजे चक्रावले. संगीत म्हणून ती सर्वांनाच रुचेल असे नाही. रागाची बढत शोधणारा पहिल्या मिनिटातच उठून जाईल. पण सरावासाठी तिच्यासारखी गोष्ट विरळा. ठेका यंत्राचा, म्हणून हलत नाही. गायक नाही, म्हणून शब्दांवर शब्द चढत नाहीत. आणि आपल्या कानाला राग ओळखीचा असल्याने जागा लवकर पाठ होतात. मूळ प्रत महाग असते. नव्याने काढलेली चालेल.

याशिवाय परदेशी डिस्कोच्या दोन-तीन बारा इंची ‘सिंगल’ घ्याव्यात, ज्यांच्यावर एका बाजूला एकच गाणे असते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये हा प्रकार पुढे आला आणि १९७६ पासून दुकानांत मिळू लागला. एलपीच्या बाजूवर वीस-बावीस मिनिटे कोंबायची असतात, म्हणून खाचा दाटीने कापाव्या लागतात. सहा-आठ मिनिटांच्या एकाच गाण्याला मोकळी जागा मिळते, खाच रुंद फिरवता येते, त्यामुळे आवाज मोठा भरतो आणि खर्ज ठसठशीत राहतो. शिवाय ही गाणी मुद्दाम डीजेसाठी लांबवलेली असतात: सुरुवातीला नुसता ठेका, मध्ये वाद्ये गळून पडलेला तुकडा, शेवटी पुन्हा नुसता ठेका. आत शिरायला आणि बाहेर पडायला दार ठेवलेले. तिरप्या उजेडात धरले तर गजबजलेला भाग आणि रिकामा भाग वेगवेगळ्या छटेचे दिसतात. सुई कुठे ठेवायची ते नजरेने ठरवता येते. आपल्या चित्रपटगीतांना अशी दारे क्वचितच असतात. तीन-चार मिनिटांत मुखडा, अंतरे, वाद्यमेळ आणि समाप्ती. मधे शिरायला जागा नाही. हा दोष नव्हे. ते गाणे दुसऱ्या गाण्यात मिसळण्यासाठी बांधलेलेच नाही.

मग माळ्यावरच्या त्या तबकड्यांचे काय करायचे? मनाला लागणारा प्रश्न आहे, कारण या भागाचा खरा खजिना तिथेच असतो. त्यातल्या ७८ च्या तबकड्या डीजेच्या टर्नटेबलवर ठेवूच नयेत. एक तर एसएल-१२०० च्या त्या दुसऱ्या आवृत्तीला ३३⅓ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. दुसरे म्हणजे ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा जवळपास तिप्पट रुंद असते. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते आणि खरखर तेवढी ऐकू येते. तिसरे, ती तबकडी लाखेची असते: पडली की फुटते, आणि स्पिरिटने पुसली की तिचा पृष्ठभागच विरघळतो. पुष्कळ घरांत प्रेमापोटी हाच उपाय करून तबकड्या गेल्या. जुन्या एलपी आणि ईपी मात्र वाजवाव्यात, पण मिसळायच्या रेकॉर्ड म्हणून नव्हे, अखंड वाजवायच्या म्हणून. डीजेची सुई साधारण तीन-चार ग्रॅम दाबाने चालते, घरगुती चांगल्या सुईपेक्षा जास्त. त्यात तबकडी पुढे-मागे ओढली की खाच लवकर मरते. ज्या प्रतीला दुसरी प्रत मिळणार नाही तिच्यावर हा प्रयोग करणे मला तरी गुन्हाच वाटतो.

सीमाभागात या ‘अखंड’ कप्प्याचे महत्त्व इतर ठिकाणांहून जास्त आहे. बेळगावच्या हॉलमध्ये जमलेल्या माणसांना एका भाषेत नाचवता येत नाही. निपाणी कोल्हापूरकडे तोंड करून बसलेली, म्हणून तिथल्या घरांत कोल्हापुरी चित्रपटांची गाणी: लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ यांना दिलेले संगीत, राम कदमांचा १९७२ चा ‘पिंजरा’. त्याच पेटीत कन्नडच्या चार गोष्टी नसतील तर अर्धा हॉल खुर्चीत बसून राहील: १९७२ चा ‘बंगारद मनुष्य’, १९७३ चा ‘गंधद गुडी’, राजन-नागेंद्र यांची राजकुमारच्या चित्रपटांतली गाणी. भाषेच्या प्रश्नावरून या भागात काय काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ठेक्याच्या प्रश्नावर मात्र चिकोडीचे वऱ्हाड आणि खानापूरचे वऱ्हाड फारसे भांडत नाही. या रेकॉर्ड आतापासून घरात ऐकाव्यात, पाठ कराव्यात. त्या टर्नटेबलवर कशा सोडायच्या हे शिकायला मात्र त्या वापरू नयेत.

आता सर्वांत मोठा आक्षेप. या भागात डीजे म्हणजे गणपती, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, हळद आणि वरात. ट्रॉलीवर उभारलेली डॉल्बी, पेनड्राइव्ह, लॅपटॉप. तिथे तबकडीचा काय संबंध? मिरवणुकीपुरता, काहीच नाही, आणि ते मान्य करायला हरकत नसावी. हलत्या ट्रॉलीवर सुई उडते. थांबलेल्या ट्रॉलीवर मोठ्या स्पीकरचा खर्ज टर्नटेबलच्या अंगात शिरतो, सुई तो उचलून पुन्हा स्पीकरला देते, आणि घुमणारी हुंकारी सुरू होते. तबकडीला अशी ठिकाणे सोसत नाहीत हे शेजारच्या गोव्यानेही दाखवले. हणजुणच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात रात्र-रात्र चालणाऱ्या नाचांत परदेशी डीजेंनी ऊन, धूळ आणि वाहतुकीचा विचार करून कॅसेट पत्करल्या, पुढे डॅट ही डिजिटल टेप. डॅटवर वेग बदलायची सोय नसल्याने लय जुळवण्याचा प्रश्नच मागे पडला. गाणी एकामागून एक लागत, आणि गोवा ट्रान्सच्या रचनांची सुरुवात ठेक्याशिवाय लांबत जाते त्याचे एक कारण हेच सांगितले जाते. साधन बदलले की संगीताची बांधणीही बदलते, याचा इतका जवळचा दाखला दुसरा नसेल.

तबकडीची बाजू मी घेतो ती शिकण्यापुरती. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन गाण्यांच्या लाटा एकाखाली एक दिसतात, ठोक्यांची संख्या दशांशापर्यंत लिहिलेली असते, आणि एक बटण दाबले की लय जुळते. यात कमीपणा नाही. पण ज्याने कानाने कधी जुळवलेच नाही त्याला यंत्राने संख्या चुकीची वाचली हे कळत नाही, आणि यंत्र नेमके चुकते ते ढोलकीच्या, हलगीच्या, ताशाच्या गाण्यांवर, म्हणजे इथल्या रोजच्या सुपारीच्या गाण्यांवर. तबकडीवर संख्या लिहिलेली नसते. कानालाच काम करावे लागते. शिवाय मिरवणुकीबाहेरचे काम वाढते आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, मोजक्या सवलतीचे दिवस सोडले तर. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. उरते ते बंद हॉलमधले, बेताच्या आवाजाचे काम. तिथे दणका चुका लपवून ठेवत नाही. जोड खराब असेल तर उघडा पडतो.

खरेदीला निघताना कानापेक्षा डोळे जास्त कामी येतात. तबकडी तिरप्या उजेडात धरावी. खाचेला आडवा ओरखडा असेल तर दर १.८ सेकंदांनी ‘टक्’ वाजेल, सहन होईल. खाचेच्या दिशेने गेलेला खोल ओरखडा सुई अडकवतो, ती रेकॉर्ड घेऊ नये. फिरवून पाहता आली तर सुईच्या दांडीकडे पाहावे. दांडी वरखाली होत असेल तर तबकडी वाकली आहे. डावी-उजवीकडे डुलत असेल तर मधले भोक केंद्रापासून सरकले आहे, आणि हा दोष नवशिक्यासाठी जास्त घातक: प्रत्येक फेऱ्यात सूर आणि लय किंचित वर-खाली होतात, आणि बिचारा आपलेच कान चुकतात असे समजतो. एचएमव्हीच्या जुन्या भारतीय एलपींवर ‘ईएएलपी’ क्रमांक असेल तर ती मोनो, ‘ईएएसडी’ असेल तर स्टीरिओ. शास्त्रीय संगीत घेताना एवढे ओळखता आले तरी पुष्कळ. सात इंची तबकडी दिसली की ती ४५ चीच असेल असे धरून चालू नये, लेबलवरचा वेग वाचावा. आणि बेळगावच्या पावसाळ्यात जिथे चपलांनाही बुरशी येते तिथे कागदी आवरणातली रेकॉर्ड चार महिने आडवी रचून ठेवली तर दसऱ्याला तिच्यावर पांढरे ठिपके दिसणारच. उभ्या ठेवाव्यात, आतले आवरण प्लॅस्टिकचे करावे, व्हिनाइलची तबकडी लेबल न भिजवता सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी.

दहा रेकॉर्ड झाल्यावर अकरावी कधी घ्यायची? दहांपैकी कोणतीही बाजू मधूनच लावली आणि दोन आवर्तनांत आपण गाण्यात कुठे आहोत हे सांगता आले, आणि त्या सरावाच्या जोडीतली बिघडवलेली लय हेडफोनचा एक कान झाकून अर्ध्या मिनिटात परत आणता आली, की घ्यायला हरकत नाही. ती अकरावी ढोलकीची असावी, लय हलणारी. आणि बारावी कन्नड, तिच्या शेजारी चालेल अशी.